आंबा घाटातली सोनघंटा: काय बघायचं आणि कुठे उतरायचं नाही

सोनघंटा हे आंबा घाटासारख्या सह्याद्रीतल्या मोजक्या जागी उगवणारं दुर्मीळ रानझुडूप. आंबा गावात कोणी हॉटेलच्या अंगणातलं केशरी घंटांचं झुडूप दाखवून ‘हीच ती दुर्मीळ सोनघंटा’ म्हणालं, तर पैसे न देता पुढे चला. आम्हाला तेच दाखवलं आणि माणशी पाचशे रुपये मागितले. ते दक्षिण अमेरिकेतलं ॲब्युटिलॉन पिक्टम. बागांसाठी विकलं जातं आणि फांदी खोचली तरी जगतं. फूल खरोखर फसवं आहे: लोंबती घंटा, केशरी पाकळ्या, त्यांवर लालसर शिरा. म्हणून आधी पान बघा. बागेतल्या झाडाचं पान भेंडीसारखं तीन-पाच टोकांत फाटलेलं असतं. सोनघंटेचं अखंड असतं. देठाशी बदामासारखं, टोकाला लांब निमुळतं, कडेला दाते. इंटरनेटवर सोनघंटा म्हणून फिरणारे कितीतरी फोटो या एका तपासणीत बाद होतात.

खऱ्या झाडाचं शास्त्रीय नाव ॲब्युटिलॉन रानडेई. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिसंग्रह सांभाळणारे एन. बी. रानडे यांनी याच घाटातून ते नेलं. वुड्रो आणि स्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1894 साली त्याचं वर्णन छापलं आणि नाव रानड्यांचं दिलं. पुढे कित्येक दशकं ते कोणाच्या हाती लागलं नाही, नामशेषच झालं असं धरून चालले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा सापडलं. नंतर तोरण्यासारख्या, घाटमाथ्यावरच्या इतर जागीही दिसलं. महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर ते नाही आणि आहे तिथेही झुडपं मोजकीच. कूळ भेंडी-कपाशी-जास्वंदीचंच. ओसाड जागी वाढणारी मुद्रा, म्हणजे पेटारी, ही त्याची सख्खी बहीण. तिचं चक्रासारखं फळ पिठावर दाबलं की शिक्का उठतो, म्हणून मुद्रा. सोनघंटेला घंटीमुद्राही म्हणतात ते त्यामुळेच.

कधी जायचं? डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी. सप्टेंबरात कासला जाऊन परतीच्या वाटेवर ‘तीही बघू’ म्हणणाऱ्यांना नुसती पानं दिसतील, आणि धुक्यात तीही नाही. फेब्रुवारीत फुलं असू शकतात, पण तोवर गवत वाळून वणवे सुरू झालेले असतात.

कोल्हापूर-रत्नागिरी एसटी आंब्यात थांबते. शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर मागे टाकलं की आंबा, आणि गाव संपताच रस्ता साखरप्याकडे कोसळतो. गाडी घाटातल्या वळणावर उभी करू नका. ट्रक वळताना तिथे इंचभर जागा उरत नाही, वर रुंदीकरणाचं काम. 2021 च्या जुलैत पावसाने हा घाट दरडींनी बंद पडला होता. कापलेली डोंगरकड अजूनही भरवशाची नाही, तिच्याखाली सावलीला बसू नका. रस्त्याचा राडारोडा दरीच्या बाजूला ढकलला की खालच्या उतारावरची झुडपं गाडली जातात. सोनघंटेला असलेल्या धोक्यांत हा मोठा, पण फलकावर कोणी लिहीत नाही.

झाडाची नेमकी जागा इथे देत नाही, विचारू नका. ज्यांनी जीपीएसचा ठिपका वाटला, त्यांच्यामागून आलेल्यांनी उतार तुडवला. स्थानिक वनकर्मचाऱ्यांना भेटा, परवानगी लागते का ते विचारा आणि त्यांनी सुचवलेला वाटाड्या घ्या. निघण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: पैसे माणशी की गटाचे, जीपचं भाडं त्यात धरलंय का, आणि झाड दिसलं नाही तर किती. आम्ही तिसरा प्रश्न विचारला नाही. बागेतलं झाड दाखवून ‘दिसलं की’ असं उत्तर मिळालं.

आता जिथे उतरायचं नाही ती घळ. सोनघंटेचं फूल खाली तोंड करून लोंबतं. वरून फक्त फुलाची पाठ दिसते. घंटेच्या तोंडातून बाहेर आलेली पुंकेसरांची दांडी टिपायची तर झाडाच्या खाली जावं लागतं आणि खाली म्हणजे कोरडा ओहोळ, जेमतेम चाळीस फूट, पण सगळा सुटा दगड. वाळलेलं गवत बुटाखाली साबणासारखं सरकतं. आधाराला हात जातो तो कारवीवर. कारवी फुलून गेली की उभीच वाळते, बाहेरून काठी शाबूत दिसते आणि भार पडताच कडकन मोडते. दोर बांधायचाच असेल तर अंजनी किंवा जांभळाच्या जिवंत बुंध्याला, जमिनीलगत. कारवीच्या जुडग्याला कधीच नाही, दहा काठ्या एकत्र असल्या तरी नाही.

माझं मत विचाराल तर उतरूच नका. धोका तुमच्यापेक्षा झाडाला जास्त आहे. बी उतारावरून याच ओहोळात येऊन पडतं, रोपं याच मातीत उगवतात. एक जण घसरला की वीतभर जाडीची माती खाली जाते. 8×42 ची दुर्बीण आणि 300 मिमीची लेन्स घेऊन समोरच्या धारेवर बसा. सकाळी नऊ ते अकरा उजेड नीट येतो, नंतर मागून येतो आणि फूल काळं पडतं. धारेवरून शिरासुद्धा मोजता येतात. ओहोळात घामाघूम होऊन काढलेले निम्मे फोटो हललेले असतात, हे सांगायला कोणी तयार नसतं.

खाजकुयली. हा शब्द दोनदा वाचा. डिसेंबर-जानेवारीत तिच्या शेंगा वाळतात आणि नुसता धक्का लागला तरी सोनेरी लव हवेत उडते. पूर्ण बाह्या आणि गळ्याला रुमाल हवाच. लव लागली तर चोळू नका, पाणीही ओतू नका. चिकटपट्टी लावून उपटा. गावात शेण लावतात, वाळलं की लव सोबत निघते आणि उपाय खरंच चालतो. कड्याला आग्या मोहोळ असतं, त्यामुळे अत्तर, सिगारेट आणि आरडाओरड तिघांनाही बंदी. गवे दिसले तर वाट त्यांची.

दुसऱ्या दिवशी पावनखिंड आणि विशाळगड. छान आहे, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

फांदी तोडून घरी लावायचा विचार असेल तर सोडा. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, अभयारण्य असेल तर 1972 चा वन्यजीव कायदाही लागतो आणि तसंही ती फांदी तुमच्या कुंडीत कुजणार. रोपं करणं हे परवानगी असलेल्या संस्थांचं काम. त्यांच्या रोपवाटिकेत हात लावायला मिळालाच तर पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची अर्धवट पिकलेली काडी घ्यायची, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यायचा आणि जाड वाळू व कोकोपीट निम्मं-निम्मं भरून त्यात लावायची. उतारावरच्या झाडाला पाणी साचलेलं खपत नाही. बहुतेक काड्या मरतात त्या अतिपाण्याने. या कुळातल्या बियांचं कवच टणक, आत पाणी शिरत नाही. पेरण्याआधी सँडपेपरवर हलकेच घासायचं किंवा गरम पाण्यात टाकून ते पाणी निवू द्यायचं. हाताला पोचट लागणारं बी आधीच वेगळं काढा, कपाशीवरचे लाल ढेकूण या कुळाच्या बियांतला रस शोषून घेतात.

चढ-उतार झेपत नसेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात चौकशी करा. सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पती जपण्याचं काम तिथे चालतं. सोनघंटा आहे का आणि फुललीय का, हे निघण्याआधी विचारा.

परतताना बूट-मोजे आणि पँट वेगळ्या पिशवीत बांधा. त्यांना खाजकुयलीची लव चिकटलेली असू शकते, म्हणून घरी आल्यावर झटकू नका, आधी चिकटपट्टी फिरवा, मग बादलीत वेगळेच भिजवा. आमच्यातल्या एकाने सगळ्यांचे कपडे एकाच मशीनमध्ये टाकले, चार दिवस घरभर खाजवणं चालू होतं.