फल्ली तेल शोधणाऱ्याला आमची घाणी सापडावी म्हणून

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात आमची लाकडी तेलघाणी आहे. जवस, तीळ, करडई आणि फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल काढतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या लोकांनी भाव पाहून फोन करावा म्हणून वेबसाइट बनवून घेतली. साइट दिसायला देखणी होती, पण तिच्यावरून फोन काही येईना. घाणीचं नाव टाकून शोधलं तरी भलतीच दुकानं पुढे यायची.

माझा पुतण्या कॉलेजात शिकतो, त्याने एक साधी तपासणी सांगितली. गूगलच्या चौकटीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहायचा, पुढे कोलन आणि त्याला लागूनच आपल्या साइटचा पत्ता. गूगलला माहीत असलेली आपली पानं समोर येतात. आमचं एकही आलं नाही. आमची साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली, त्याच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. त्यावर खूण असली की सर्च इंजिनांना ‘ही साइट यादीत घेऊ नका’ असा निरोप जातो. काम चालू असेपर्यंत ती खूण ठीक, पण बनवणाऱ्याने नंतर ती काढलीच नव्हती. आम्ही ती काढली, गूगल सर्च कन्सोलवर, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्याच सोयीवर, साइट आपल्या नावाने जोडली आणि साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, दिला. हे सगळं फुकट होतं. थोड्या दिवसांत पानं दिसू लागली.

पण घाणीचं नाव टाकलं तरच दिसायची. आणि जो आम्हाला ओळखतच नाही, तो नाव कुठून टाकणार?

खरं काम इथून सुरू झालं. साइटवर तेलांची नावं आणि भाव एका मोठ्या रंगीत चित्रात छापलेले होते. माणसाला ते वाचता येतं, पण शोधयंत्राचा भरवसा मजकुरावर असतो. शिवाय ते चित्र इतकं जड होतं की गावातल्या रेंजवर उघडेपर्यंत माणूस कंटाळायचा. ते काढून प्रत्येक तेलाचं वेगळं पान केलं आणि साध्या शब्दांत माहिती लिहिली.

शब्द कोणते, यावर मात्र मी बराच वेळ घालवला. साइटवर ‘शेंगदाणा तेल’ होतं. आमच्याकडे दुकानात येणारा माणूस ‘फल्ली तेल’च मागतो. काउंटरजवळ वही ठेवली आणि गिऱ्हाईक बोलेल तसं उतरवत गेले. ‘वहिनी, फल्लीचं तेल निघालं काय आज?’, ‘घाण्याचं जवस तेल हाये काय?’ असं. शीर्षकात फल्ली तेल आणि शेंगदाणा तेल दोन्ही घेतलं, कारण पुण्याहून मागवणाऱ्याला फल्ली कळेलच असं नाही. पुढे सर्च कन्सोलच्या अहवालात लोकांनी काय टाइप केलं तेही दिसू लागलं. बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, काही हिंदीत ‘कच्ची घानी’ लिहितात. आणि ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरणारी पेंड! गाई-म्हशीवाले ढेप शोधत होते आणि आमच्या साइटवर ढेपेचा उल्लेखच नव्हता.

गावातल्या धंद्याला नकाशावरची नोंद वेबसाइटइतकीच महत्त्वाची आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. ती नोंद ज्यातून होते ते गूगल बिझनेस प्रोफाइलही फुकट आहे. अडचण पत्त्याची आली. आमचा पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे’, त्याला ना गल्ली ना घर नंबर. नकाशावरची खूण हाताने सरकवून घाणीच्या छपरावर आणली. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला. रस्ता, दुकानाची पाटी, आतली यंत्रं आणि दुकान आपलंच असल्याचा पुरावा, हे सगळं न थांबता एका दमात दाखवायचं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुलूप उघडलं, घाणा सुरू केला, मी फोन धरून मागे चालले. रेंज गच्चीवरच मिळते, म्हणून तिथूनच तो पाठवला.

त्या दरम्यान ‘आम्ही तुम्हाला पहिल्या नंबरवर आणून देतो, दरमहा इतके द्या’ असे फोन येत राहिले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगलनेच लिहून ठेवलं आहे. नकाशावरच्या शोधात तुमचा धंदा विचारलेल्या गोष्टीशी किती जुळतो, विचारणाऱ्यापासून किती लांब आहे आणि किती नावाजलेला आहे, हे पाहिलं जातं. अंतर तर कोणालाच बदलता येत नाही. ‘हृदयविकार बरा होतो असं टाका’ असाही सल्ला एकाने दिला. तसलं खोटं आम्ही लिहिलं नाही.

त्याऐवजी खरं सांगण्यासारखं खूप होतं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला, त्याचं काम वर्ध्यातून चाललं आणि बैलघाणीत सुधारणा करण्याचे प्रयोग वर्ध्यातल्याच मगनवाडीत झाले. या जिल्ह्याचं घाणीशी असलेलं हे नातं पानावर लिहिलं. तेलाच्या तळाशी गाळ का बसतो, जवसाचं तेल लवकर खवट का होतं आणि ते अंधारात, थंड जागी का ठेवायचं, हेही लिहिलं. लोक फोनवर हेच विचारतात.

अभिप्राय मागताना ‘लिहा, सूट देतो’ असं म्हणू नये, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आम्ही फक्त ‘जसं वाटलं तसं लिहा’ म्हणतो आणि प्रत्येकाला उत्तर देतो, तक्रार असली तरी.

आता आमच्या तालुक्यातल्या जामहून हायवेने जाणारे गाडीवाले नकाशा पाहत थेट घाणीवर येतात. सध्या ढेपेचं पान लिहायला घेतलं आहे. तिचा भाव सारखा बदलतो, म्हणून भावापुढे तारीख टाकतो आणि लाइन गेली की घाणी बंद असल्याची सूचना प्रोफाइलवर लगेच देतो, कोणाचा हेलपाटा होऊ नये म्हणून.