आमची वाटचाल : सव्वासहा फूट टेप

रेडिओवरची दहा सेकंदांची जाहिरात, म्हणजे स्पॉट, म्हणजे सव्वासहा फूट टेप. स्पूलवरची, म्हणजे रिळावरची, टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची, त्यामुळे आमच्याकडे जाहिरात फुटावर मोजली जायची.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि मुंबई-नागपूरच्या जोडीनं पुणं त्यात पहिल्यापासून होतं. पेठेतला दुकानदार रेडिओच्या जाहिरातीला कधी बिचकला नाही, तो यामुळे. आम्ही रेडिओ जाहिरातींच्या एजन्सीच्या या धंद्यात आलो बऱ्याच नंतर. सदाशिव पेठेत दोन खोल्या, भिंतींना आईच्या गोधड्या, एक सेकंडहँड स्पूल मशिन. मी गिऱ्हाईकं आणि बुकिंग बघायचो, एडिटिंग माझा भागीदार. त्याच्यासारखा हात मी नंतर पाहिला नाही. पिवळ्या पेन्सिलीनं टेपवर खूण, पंचेचाळीस अंशांत तिरपा काप, वर चिकटपट्टी, आणि नखानं एकदा दाबून घ्यायचं. ब्लेड स्पीकरजवळ ठेवलेलं त्याला खपायचं नाही. ब्लेडला चुंबक लागलं की जोडावर ‘टिक्’ ऐकू येते.

रविवार पेठेतले भांड्यांचे दुकानदार काका आमचं पहिलं गिऱ्हाईक. पितळी तांब्या घेऊनच आले. ‘‘अरे, माझी जाहिरात हाच करेल,’’ म्हणाले. खोलीत वाजवून पाहिला तर गोधड्यांनी नाद पार गिळून टाकला. मग मशिन गच्चीच्या जिन्यात नेलं. तिथे तांब्या असा घुमला की आम्ही तिघंही गप्प झालो. नाद विरता विरता वरच्या झरोक्यातलं कबूतर फडफडलं, तेही टेपवर आलं. भागीदार कापायला निघाला, तर काका म्हणाले, ‘‘राहू दे त्याला.’’ दहा सेकंदांतले चार, म्हणजे अडीच फूट, नुसता नाद होता. उरलेल्या सहा सेकंदांत दुकानाचं नाव आणि पत्ता. एवढंच.

नव्या पोरांना हेच सांगतो. दहा सेकंदांत पंचवीसच्या वर शब्द कोंबू नका. फोन नंबर द्यायचा तर दोनदा द्या, नाहीतर देऊच नका. आणि रिलीज ऑर्डरवर, म्हणजे जाहिरात लावायच्या लेखी ऑर्डरवर, गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय बुकिंग करू नका.

हे शेवटचं आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. २००१ साली बंगळूरला देशातलं पहिलं खाजगी एफएम सुरू झालं, पाठोपाठ पुण्यातही आलं. तेव्हाची लायसन्स फी ठरावीक होती आणि दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणारी. २००५ च्या धोरणात ती उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर आली, पण तोवर चॅनेलवाल्यांना वेळ विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वेळ घ्या, स्पॉट फुकट बनवून देतो, असं सुरू झालं. आमची कमाई पंधरा टक्के कमिशन आणि रेकॉर्डिंगचे पैसे. त्यातला अर्धा भाग गेलाच. त्याच सुमारास एका बिल्डरनं महिनाभराचं बुकिंग तोंडी करून हात वर केले. गिऱ्हाईक पैसे देवो न देवो, रेडिओचं बिल एजन्सीनं भरायचं असतं. बायकोच्या पाटल्या मोडून ते भरलं.

आणि मग आम्ही सात वर्षं शिकवलेला मुलगा आमच्या गिऱ्हाइकांची वही उतरवून घेऊन गेला. स्वतःची एजन्सी काढली. ‘त्यांचं दुकान बंद होतंय’ असं दारोदार सांगत फिरला. पाच महिन्यांत एकवीस गिऱ्हाइकांपैकी चार उरली. भागीदारानं तेव्हाच अंग काढून घेतलं. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या घरी दोन मुलींची लग्नं होती.

एके दिवशी सकाळी नऊला काका धापा टाकत वर आले. दुसऱ्या एका भांडेवाल्याची जाहिरात एफएमवर त्यांनी ऐकली होती. ‘‘अरे, माझा तांब्या वाजतोय!’’ मी म्हटलं, काका, पितळ सगळं सारखंच वाजतं. ‘‘आणि कबूतर?’’

दुपारभर रेडिओ लावून बसलो. लागली जाहिरात. नाद, आणि शेवटी तीच फडफड.

काकांनी तांब्या पिशवीत घातला आणि मला घेऊन त्या दुकानात गेले. गल्ल्यासमोर उभं राहून वाजवला. तो दुकानदार सरळ माणूस होता, त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ती जाहिरात थांबवली आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडे आला. आणखी सहा जण त्याच्यामागून आले. त्या मुलानं मात्र आजतागायत चूक कबूल केलेली नाही. लग्नाकार्यात भेटतो, नमस्कार करतो. मी वळून जातो.

नंतरची वर्षं बरी गेली. आता माझा मुलगा धंदा बघतो. स्टेशनला फाइल जाते, स्पूल मशिन कपड्यात गुंडाळून माळ्यावर आहे. काका गेले, दुकान नातू चालवतो. दिवाळीच्या बुकिंगला आला तेव्हा माझ्या मुलानं त्याला विचारलं, ‘‘शेवटचा तो आवाज कॉम्प्युटरवर साफ करून देऊ का?’’

‘‘कबूतर ना?’’ तो म्हणाला. ‘‘राहू दे त्याला.’’