दाराच्या पॅडमागची तुटकी घरं

जुन्या गाडीच्या दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण, सैल झालं की बहुतेक गॅरेजांत एकच इलाज मिळतो. "काहून एवढा त्रास घेता भाऊ? वरून दोन स्क्रू मारून देतो, हलणारच नाही." मला हे पटत नाही. स्क्रूने पॅड दाराला घट्ट बसतं खरं, पण उद्या काच वरखाली होईनाशी झाली आणि पॅड काढावं लागलं की त्या भोकाभोवती चीर पडते. शिवाय ही गाडी बाबांची, २००३ची. रोज कापडाने पुसलेल्या दारावर स्क्रूची डोकी मला बघवत नाहीत.

पॅडच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची छोटी घरं असतात. त्यांत नायलॉनची क्लिप सरकवायची आणि ती दाराच्या पत्र्यातल्या भोकात दाबायची, एवढीच ती रचना. पॅड ओढलं की क्लिप सुटायला हवी. जुन्या गाडीत क्लिप पत्र्यातच अडकून राहते आणि घर मुळासकट उपटून येतं. यात नागपूरच्या हवेचाही हात आहे. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि त्यानेच चिवट राहतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो ओलावा निघून जातो आणि क्लिप ठिसूळ होते. म्हणून मी ही कामं पाऊस सुरू झाल्यावर काढतो. नव्या क्लिपा बसवण्याआधी काही तास गरम पाण्यात ठेवतो. क्लिपा स्वस्त मिळतात, जुन्या परत लावायचा मोह नको.

खरं काम सुरू होतं पॅड उलटं करून मागचा शिक्का वाचण्यापासून. एबीएस लिहिलंय की पीपी (पॉलिप्रॉपिलीन), या प्लास्टिकच्या दोन जाती, त्यावर पुढचं सगळं ठरतं. पीपीपुढे टी२० असेल तर त्यात वीस टक्के टाल्कची भुकटी मिसळलेली आहे. शिक्का नसेल तर लोक तुकडा पाण्यात टाकून बघायला सांगतात, पीपी तरंगतं म्हणून. पण टाल्क जास्त असलेलं पीपीही बुडतं, त्यामुळे या परीक्षेवर मी विसंबत नाही. त्यापेक्षा कडेचा एक कण जाळून बघावा: मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला तर पीपी, काळा काजळीचा धूर निघाला तर एबीएस.

एबीएस असेल तर काम सोपं. त्याच गाडीच्या फुटक्या तुकड्याचा चुरा काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर भिजवला की घट्ट लापशी होते. ती तुटलेल्या दोन्ही कडांना लावून घर जागेवर दाबून धरायचं. अ‍ॅसिटोन उडून जातं आणि मागे एबीएसच उरतं, म्हणजे वेगळा डिंक नाही, दोन्ही तुकडे एकजीव झालेले असतात. एक दिवस तरी हात लावू नये. अ‍ॅसिटोन भडकतं, तेव्हा देवघराच्या दिव्यापासून आणि गॅसपासून दूर, गच्चीवर बसावं.

पीपीला मात्र साधा कुठलाच डिंक चिकटत नाही. फेविक्विक सुकतं आणि पापुद्र्यासारखं सुटतं, अ‍ॅसिटोनचा तर त्याच्यावर परिणामच नाही. इथे सोल्डरिंगची इस्त्री लागते, म्हणजे तारा जोडायला वापरतात ते तापणाऱ्या टोकाचं अवजार. चहाच्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापून भेगेवर ठेवायची आणि इस्त्रीच्या टोकाने हळूहळू प्लास्टिकमध्ये बुडवायची. वरून पीपीचीच भर घालायची. आइस्क्रीमच्या डब्याखाली त्रिकोणात पाच नंबर असेल तर त्याच्या पट्ट्या चालतात. पांढरा रंग मागच्या बाजूला कोण बघणार? फक्त इस्त्री दर्शनी भागापर्यंत खोल जाऊ देऊ नका, पुढून चमकदार डाग उठतो आणि तो निघत नाही. माझ्या मते या सगळ्या कामात ही जाळीची युक्ती सगळ्यांत मोलाची आहे. भार जाळीवर पसरतो, नुसत्या वितळवलेल्या जोडासारखा एका रेषेवर येत नाही.

ग्लू गनची, म्हणजे डिंकाची कांडी वितळवून लावणाऱ्या बंदुकीची, शिफारस करणारे भेटतात. मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) तासभर उन्हात काचा लावून गाडी उभी करा, मग तोच डिंक मऊ होऊन ओघळलेला दिसेल. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सीही (दोन भाग मिसळून लावायचा डिंक) त्या उष्णतेत ढिलं पडतं. इपॉक्सी वापरायचंच तर सुकायला रात्रभर घेणारं घ्या, आणि तेही एबीएसवर, खरखरीत करून. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो: ज्या पॅनलमागे एअरबॅग आहे तिथे यातलं काहीही करू नये, तो भाग नवाच घ्यावा.

आमच्या गाडीची चारही दारं आता बिनस्क्रूची आहेत. ग्लव्ह बॉक्सच्या बिजागरीचा काटा तेवढा राहिलाय. तो रोज वाकतो, त्यामुळे जोड टिकणार नाही. ओळखीच्या कबाड्याला त्याच मॉडेलचा आख्खा ग्लव्ह बॉक्स बघून ठेवायला सांगितलंय.