लेक फोर्कची क्रॅपी आणि वाकडा सोनार

सगळ्यात आधी जे आम्हाला कुणी सांगितलं नाही ते सांगतो. १ डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत टेक्सासातल्या लेक फोर्क तळ्यावर गळाला लागलेली प्रत्येक क्रॅपी (गोड्या पाण्यातला एक मासा) ठेवावी लागते. वीतभर का असेना, परत सोडायची नाही. टेक्सासात एरवी दहा इंचांखालची क्रॅपी सोडून द्यावी लागते, त्यामुळे आमच्या डोक्यात तेच घट्ट बसलेलं. जानेवारीतला शनिवार, सकाळचे साडेसात. माझ्या मेहुण्याने पहिलीच सातेक इंची क्रॅपी गळातून सोडवली आणि पाण्यात टाकायला हात लांब केला, तेवढ्यात शेजारच्या बोटीतला एक म्हातारा जिवाच्या आकांताने ओरडला. मला वाटलं आमची बोट फुटली.

कारण ऐकल्यावर पटलं. हिवाळ्यात ही मासळी पंचवीस-तीस फूट खाली जाऊन बसते. तेहतीस फुटांवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथून झर्रकन वर ओढली की पोटातली हवेची पिशवी फुगते. सोडली तरी खाली जाता येत नाही, पाण्यावर आडवी तरंगून मरते. म्हणून त्या तीन महिन्यांत सोडणं बंद. माणशी २५ झाल्या की क्रॅपीपुरता दिवस संपला, मग त्यात दहा पिल्लं का असेनात. निवडानिवड नाही. तेव्हा सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर बारीक ठिपक्यांचा थवा दिसला की तिथून निघा, त्यात गळ टाकूच नका. आम्ही टाकला. आमच्या पहिल्या चौदांपैकी नऊ माशांच्या तळलेल्या फक्त शेपट्या खाण्यासारख्या होत्या. जाण्याआधी त्या वर्षाचे नियम स्वतः वाचा, यूट्यूबवरच्या कुणाचं ऐकून जाऊ नका.

लेक फोर्क डॅलसच्या पूर्वेला गाडीने दीड तास. मी इंदापूरकडचा. उजनीचं धरण पुरं झालं १९८० साली, आणि हेही १९८०चंच. आमच्याकडे पाण्याखाली गावं गेली, इथे जंगल गेलं. २७ हजार एकरांच्या वर पाणी आणि त्यात जागोजागी वाळून उभी असलेली झाडं. काही पाण्याबाहेर दिसतात, बरीचशी पाण्याखाली हातभरावर थांबलेली. खुणा लावलेल्या बोटीच्या वाटा सोडून वेगाने गेलात तर पंखा गेलाच म्हणून समजा. तळं देशभर ओळखलं जातं ते मोठ्या लार्जमाउथ बास या माशासाठी. क्रॅपीवाले तसे दुसऱ्या पंगतीतले. पूर्व टेक्सासातले जुने लोक तिला अजून 'व्हाइट पर्च' म्हणतात, आणि क्रॅपीचा उच्चार बरेच जण 'क्रॉपी' असा करतात. दुकानात आमिष मागताना तुम्हीही तसाच करा, नाहीतर तीनदा सांगावं लागतं.

आता भाड्याच्या बोटीचं. दुकानाचं नाव लिहीत नाही. बोट, त्यावर समोर बघणारा सोनार, सगळं मिळून एक आकडा फोनवर ठरला होता. परत देताना बिलात 'इलेक्ट्रॉनिक्स सेटअप'चे ६० आणि सफाईचे ४५ डॉलर वेगळे. सेटअप. हा शब्द लक्षात ठेवा, कारण त्या सेटअपनेच आमचा अख्खा शनिवार खाल्ला.

ज्यांनी हे यंत्र वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा सोनार बोटीखालून जे गेलं ते दाखवतो, म्हणजे स्क्रीनवरचा मासा दिसेपर्यंत मागे पडलेला असतो. साइड इमेजिंग दोन्ही बाजूंना साठ-सत्तर फुटांवरची झुडपं, खोडं शोधायला चांगलं. आणि २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने लाइव्हस्कोप आणल्यापासून जो प्रकार बोकाळलाय तो म्हणजे समोरचं पाणी आत्ताच्या आत्ता, सिनेमासारखं. मासा शेपूट हलवतो तेही दिसतं. तुमचा जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा आमिषाचा गळ, खाली उतरतो तेही दिसतं. पुढे लोरन्स आणि हमिनबर्ड या कंपन्यांनीही आपापले काढले. पण झोत आडवा फक्त वीस अंश रुंद असतो. तीस फुटांवर त्याची रुंदी होते जेमतेम दहा-साडेदहा फूट. म्हणजे अंधाऱ्या वाड्यात अरुंद झोताची बॅटरी घेऊन मांजर शोधायचं. हा झोत सोडणारा भाग, ट्रान्सड्यूसर, दांड्याच्या टोकाला पाण्यात असतो. वर मुठीपाशी बाण, आणि बाण जिकडे तिकडे झोत. असा समज असतो.

आठ ते एक, पाच तास, स्क्रीनवर मासेच मासे. पंचवीस फूट पुढे, बावीस फूट खोल, तांदळाएवढ्या ठिपक्यांचा ढीग. बाणाच्या रोखाने जिग टाकायचा, आणि तो स्क्रीनवर येतच नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, गेन वाढवा." गेन म्हणजे यंत्राची संवेदनशीलता. वाढवला. स्क्रीनभर पिठूर चांदणं. कमी केला, मासेही गायब. जिग हलका म्हणून दुप्पट वजनाचा बांधला. दोरा बदलला. मग एकमेकांची टाकण्याची पद्धत काढली, आणि मेहुण्याने माझी भीमेच्या काठची सवय काढली, तिथे मी जरा चिडलो. त्या पाच तासांत जे मासे मिळाले ते बोटीखाली नुसता सरळ दोरा सोडून, म्हणजे माझ्या आज्याच्या पद्धतीने.

उलगडा झाला १५४ नंबरच्या रस्त्याच्या पुलाखाली. वाऱ्याने आम्ही खांबाला जवळजवळ धडकणार होतो. बाण थेट खांबावर. आणि स्क्रीनवर? रिकामं पाणी. दहा हातांवर काँक्रीटचा खांब, तो यंत्राला दिसत नाही. मी मूठ हळूहळू डावीकडे फिरवली तशी स्क्रीनवर पांढरी भिंत उभी राहिली. खाली दांड्यावरचा क्लॅम्प सरकला होता. बाण एकीकडे, झोत पंचवीसेक अंश दुसरीकडे. तीस फुटांवर ही चूक चौदा फुटांची होते. आम्ही पाच तास माशांच्या शेजारच्या आळीत आमिष टाकत होतो.

क्लॅम्प सैल करायला ॲलन की नव्हती. मेहुण्याने बाणाचा स्टिकर नखाने खरवडून काढला, इन्सुलेशन टेपचा तुकडा तिरका फाडला आणि बरोब्बर दिशेला चिकटवला. पुढच्याच फेकीला जिग ढगातून उतरणाऱ्या कोळ्यासारखा स्क्रीनवर आला. मी ओरडलो. पुलावरून एका गाडीने हॉर्न दिला, आमच्यासाठी नसेल, पण मी हात केला.

तर जाणाऱ्यांनी धक्क्यावरून निघाल्या निघाल्या हे एवढं कराच: पाण्याबाहेर आलेलं एखादं वाळकं झाड किंवा खांब बघा, वीसेक फुटांवर थांबा, बाण त्यावर धरा. स्क्रीनवर ते खोड मधोमध दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर तिथेच मागे फिरा आणि दुकानदाराच्या पुढ्यात दुरुस्त करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. दुसरं, सोनारला वेगळी लिथियमची बॅटरी आहे का ते विचारा. आमच्याला जुनी लेड-ॲसिड होती, दुपारी दोनपासून स्क्रीन दर दहा मिनिटांनी मिटायची आणि नमस्कार-चमत्कार करत परत उघडायची.

मासा दिसल्यावर काय करायचं तेही सांगतो, कारण दिसणं म्हणजे मिळणं असं मलाही वाटत होतं. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला बघतात, ती खालून वर उठून खाते. जिग तिच्या डोक्यावर एक-दोन फुटांवर थांबवायचा. तिच्या खाली गेला की संपलं, तिला तो दिसतच नाही. एक अष्टमांश औंसाचा जिग त्या खोलीला नीट उतरतो, आणि थंड पाण्यात तो नाचवायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. ठिपका वर सरकायला लागतो, जिगच्या ठिपक्यात मिसळतो, तेव्हा हात शिवशिवतो. थांबा. काठीच्या टोकाला बारीक टकटक झाली, किंवा दोरा एकदम सैल पडला, की काठी नुसती उचला. झटका दिलात तर ओठ फाटतो. तिला पेपरमाउथ म्हणतात ते उगाच नाही. आणि जिग येताना बघून जी खाली बुडी मारते तिच्या मागे लागू नका. मी एकीच्या मागे वीस मिनिटं घालवली. मोठ्या क्रॅपी थव्यापासून जरा लांब, एकट्या-दुकट्या असतात, जाड आणि सुस्त ठिपका. भरभर पळणारे ठिपके बहुधा दुसऱ्याच जातीचे. मध्ये एकदा वीस इंचांचा बास लागला, तो सोडावा लागला, कारण या तळ्यावर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवता येत नाही. एकाच बोटीत हा सोडा आणि ती ठेवा, गोंधळ होतो.

वारा ताशी पंधरा मैलांच्या वर असेल तर हे यंत्र भाड्याने घेऊच नका. बोटीचं नाक हलतं, वीस अंशांचा झोत त्याच्याबरोबर हलतो, आणि तुम्ही दिवसभर मूठच फिरवत बसता.

रविवार छान गेला. वारा नव्हता, अकरापर्यंत दोघांच्या ५० झाल्या, त्यातल्या बऱ्याच अकरा-बारा इंची.

किरकोळ: परवाना मोबाइलवर निघतो, टेक्सासच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचा वर्षाचा ३० डॉलरला. १ सप्टेंबर १९९३ ला किंवा नंतर जन्मलेल्याला पंधरा अश्वशक्तीच्या वरची बोट स्वतः चालवायला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. मेहुणा ९५चा, प्रमाणपत्र नाही, म्हणून दोन्ही दिवस सुकाणू माझ्या गळ्यात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाताय तर भाड्याने यंत्र घेऊ नका, गाइड घ्या. दोघांचे पाचशे डॉलर सांगतात म्हणून आम्ही नाक मुरडलं होतं. बोट, सोनार, पेट्रोल, सेटअप, सफाई, आमिष धरून आमचे दोन दिवसांत सातशे चाळीस गेले. आणि स्वतःचं यंत्र घ्यायचा विचार रविवारी दुपारी, डबा भरलेला असताना करू नका. नुसता ट्रान्सड्यूसर आणि त्याचा काळा डबा दीड हजाराच्या आसपास, स्क्रीन, दांडा, बॅटरी वेगळी. मेहुण्याने परतीच्या वाटेवर गाडीतच ऑर्डर टाकली.

मासे साफ करायला इथले लोक विजेची सुरी वापरतात, दोन मिनिटांत पातळ काप काढून सांगाडा फेकतात. मला ते बघवत नाही. मी खवले काढून, अंगावर चिरा देऊन अख्खी तळली. हळद, तिखट, लसूण, चिंचेचा कोळ, वरून तांदळाचं पीठ. चिलापीपेक्षा नाजूक लागते आणि चिखलाचा वास अजिबात नाही. फक्त तवा चांगला तापू द्या आणि एकदाच उलटा, दुसऱ्यांदा उलटायला गेलात की तुकडे होतात.