तान्नावरचा पंधरा फेब्रुवारी

आम्ही राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाची राजधानी पोर्ट व्हिला विमानाने तीन तासांच्या आत येते. तिथून छोटं विमान दक्षिणेला तासाभरातच तान्ना बेटावर पोचवतं. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हाइटग्रासचा विमानतळ आहे. पूर्वेच्या अंगाला यासूर हा जागता ज्वालामुखी, आणि त्याच्या आसपास जॉन फ्रम नावाच्या गूढ पुरुषाला देवासारखं मानणारी गावं. तान्नाला येणारे बहुतेक प्रवासी यासूर बघायला येतात. मला मात्र १५ फेब्रुवारी, जॉन फ्रमच्या लोकांचा झेंड्याचा दिवस, गाठायचा होता.

पुण्यात मानववंशशास्त्र शिकताना ‘कार्गो कल्ट’, म्हणजे मालाचा पंथ, हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. जॉन फ्रमची चळवळ याच नावाखाली मोजतात. त्याची गोष्ट सगळीकडे साधारण एकाच साच्यात सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य पॅसिफिकच्या बेटांवर उतरलं, विमानांतून आणि जहाजांतून डबाबंद अन्न, कपडे, जीपगाड्या, रेडिओ आले. युद्ध संपलं, सैनिक निघून गेले. मग बेटावरच्या लोकांनी बांबूचे मनोरे आणि गवताची विमानं उभी केली आणि माल परत येण्याची वाट बघत बसले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमननी १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या पदवीदान समारंभात हाच दाखला देऊन खोट्या विज्ञानाबद्दल सांगितलं. तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गात आणि सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांतही ही गोष्ट ऐकू येते. मला ती कधीच पुरती पटली नाही. एवढी माणसं, इतकी वर्षं, तुरुंगात जायला तयार होतात ती डबाबंद मांसासाठी?

विमानतळावरून पिकअप ट्रकने निघालो. लेनाकेलचा बाजार मागे पडला की रस्ता चढत मिडलबुशच्या दाट हिरवाईत शिरतो. प्रचंड वड, कॉफीची झाडं, कुंपणापलीकडे तारोची, म्हणजे अळूच्या कंदाची, शेतं. मग उतार लागतो आणि एका वळणावर हिरवा रंग एकदम संपतो. पुढे काळ्या राखेचं सपाट मैदान, आणि त्यापलीकडे यासूर. उंची म्हणाल तर ३६१ मीटर, सह्याद्रीतल्या कुठल्याही किल्ल्यावर जाणाऱ्याला ती किरकोळच वाटेल. पण हा डोंगर दर काही मिनिटांनी आतून गडगडतो आणि पायाखालची जमीन ते सांगते. १७७४ साली कॅप्टन कुक याच डोंगराचा रात्रीचा उजेड बघून इथल्या किनाऱ्याला लागला होता. जॉन फ्रम आणि त्याची फौज या डोंगराच्या पोटात आहे, असं इथल्या पुष्कळांचं मानणं आहे.

लामाकारा गावातलं मैदान सकाळीच भरलं होतं. आसपासच्या गावांतून माणसं पायी आली होती, काही तर बेटाच्या दुसऱ्या टोकाहून. जुने लष्करी कोट घातलेले म्हातारे रांगेत उभे राहिले, काहींच्या छातीवर पदकं होती. अमेरिकेचा झेंडा चढला, वानुआतूचाही चढला. मग तरुणांची पलटण आली: उघडे अंग, छातीवर आणि पाठीवर लाल रंगात ‘यूएसए’, खांद्यावर बंदुकीसारखे धरलेले बांबू, टोकं लाल रंगवलेली. कवायत अगदी चोख होती. पावलं एकत्र पडत होती, वळणं एकत्र घेतली जात होती, आणि बघणाऱ्या गर्दीत कुणी हसत नव्हतं. आमच्याबरोबरच्या पर्यटकांपैकी काहींनी आधी कॅमेरे उंचावून हसत सुरुवात केली, पण थोड्या वेळात तेही शांत झाले. आपल्याकडच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला जी गंभीर शिस्त असते ती इथे होती, आणि त्यामागे राज्यसत्ता नव्हती. हे सगळं एका गावाने स्वतःच्या बळावर उभं केलेलं होतं.

कवायतीनंतर नाच सुरू झाले. रंगीत गवती घागरे घातलेल्या बायकांचे गट गावागावांतून आले होते. जेवायला लापलाप मिळाला. किसलेला तारो, वर नारळाचं दूध, पानात गुंडाळून तापलेल्या दगडांवर भाजलेला. पानाचा तो वास आला आणि मला आईच्या हातची पानगी आठवली.

मैदानाच्या कडेला बसलेल्या एका वयस्कर बाईंशी आमच्या वाटाड्याच्या मदतीने बोलले. मी विचारलं, आजचा दिवस कशासाठी? त्यांनी अमेरिकेचं नाव घेतलंच नाही. त्या म्हणाल्या, आमच्या बापांना तुरुंगातून सोडलं त्याची ही आठवण. कावा (मुळापासून केलेलं गुंगी आणणारं पेय), नाच, आमची रीत परत मिळाली त्याची.

हा धागा धरला की साच्यातली गोष्ट उसवते. तान्नावर जॉन फ्रमचं नाव युद्धाच्या आधी आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावर प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनची एवढी पकड होती की चर्चच्या लोकांनी चालवलेली न्यायालयं कावा पिणाऱ्याला, नाचणाऱ्याला, जुन्या रीतीने लग्न लावणाऱ्याला शिक्षा द्यायची. वर ब्रिटिश आणि फ्रेंच अशी दोघांची मिळून वसाहत, १९०६ पासून. त्याही आधी शेकडो माणसं क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांत गेलेली. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिकच्या बेटांवरून क्वीन्सलंडला सुमारे ६२ हजार मजूर आणले गेले. काही करार करून आले, काहींना फसवून किंवा पळवून आणलं. मी राहते ते राज्य त्या साखरेवर उभं राहिलं आहे. तान्नाला जाताना ही गोष्ट मनातून जात नव्हती.

साधारण १९४० च्या सुमाराला बेटाच्या नैर्ऋत्येला ग्रीन पॉइंटच्या बाजूला एक माणूस रात्रीच्या वेळी कावा पिणाऱ्यांच्या मैदानात दिसू लागला. त्याच्या कोटाची बटणं चकाकायची असं सांगतात. त्याचं सांगणं होतं की मिशन सोडा, कावा प्या, नाचा, जुनी रीत धरा, गोऱ्यांचे पैसे टाका. मे १९४१ मध्ये लोकांनी साठवलेले पैसे दुकानांतून खर्चून टाकले आणि एका रविवारी प्रेस्बिटेरियन चर्च रिकामी राहिली. हे सगळं घडलं तेव्हा वानुआतूत एकही अमेरिकन सैनिक उतरलेला नव्हता. ब्रिटिश अधिकारी जेम्स निकोल याने मानेहेवी नावाच्या माणसाला जॉन फ्रम म्हणून पकडलं, लोकांना दिसावं म्हणून झाडाला बांधून ठेवलं आणि मग पोर्ट व्हिलाच्या तुरुंगात पाठवलं. चळवळ काही थांबली नाही. पुढची पंधरा वर्षं सरकार एकामागून एक पुढाऱ्यांना बेटाबाहेर धाडत राहिलं.

अमेरिकन आले ते १९४२ मध्ये. तान्नावरून हजाराच्या आसपास पुरुष पोर्ट व्हिला ज्यावर आहे त्या एफाते बेटावर त्यांच्यासाठी काम करायला गेले. तिथे त्यांनी मालाचे डोंगर पाहिलेच, पण त्याहून मोठी एक गोष्ट पाहिली: गणवेशातले काळे सैनिक, तेच ट्रक चालवणारे, तेच अन्न खाणारे. अमेरिकन सैन्यात काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या हे खरं. तरी मिशनऱ्याच्या ओसरीवरही बसू न दिलेल्या माणसाला ते दृश्य काय सांगून गेलं असेल, याची कल्पना करता येते. १९४३ मध्ये नेलोइआग नावाच्या एका पुढाऱ्याने उत्तर तान्नात अमेरिकन विमानांसाठी धावपट्टी साफ करायला माणसं जमवली, हेही घडलं. ते मी लपवत नाही. पण आंदोलनाच्या लांब इतिहासातला तो एक तुकडा आहे. युद्ध संपल्यावर वानुआतूच्याच एस्पिरितू सांतो बेटावर अमेरिकनांनी बुलडोझर, जीप, यंत्रसामग्री सरळ समुद्रात ढकलून दिली. त्या जागेला आज मिलियन डॉलर पॉइंट म्हणतात. मालाबाबतचं विचित्र वागणं शोधायचं असेल तर मला ते तिथे आधी दिसतं.

अखेर १९५६–५७ च्या सुमाराला सरकारने हार मानली, पुढारी परत आले आणि १५ फेब्रुवारी १९५७ ला सल्फर बे गावात उघडपणे झेंडा चढला. त्या बाई म्हणत होत्या तो हा दिवस.

आता मानववंशशास्त्रज्ञांकडे वळते, कारण माझ्या मनात तेही होते. या विषयावरचं पहिलं मोठं लिखाण एफ. ई. विल्यम्स यांचं, १९२३ चं. न्यू गिनीत पापुआच्या आखाताच्या किनाऱ्यावर, व्हायलाला भागात, १९१९ च्या सुमाराला लोकांची अंगं थरथरू लागली, वाचा बरळू लागली, आणि मेलेले पूर्वज मालाने भरलेल्या आगबोटीतून परत येणार अशी वार्ता पसरली. विल्यम्स सरकारी नोकरीत होते आणि त्यांनी याला सरळ ‘वेड’ म्हटलं. पण त्यांच्या अहवालातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी माहिती वेगळी आहे: व्हायलालाच्या त्या लोकांनी आपल्या जुन्या विधींच्या पवित्र वस्तू स्वतःच्या हाताने नष्ट केल्या, जुने सोहळे बंद पाडले. तान्नावर नेमकं उलट झालं. तिथे बंद पडलेले सोहळे परत सुरू करण्यासाठी लोक तुरुंगात गेले. एका ठिकाणी जुनं जाळलं, दुसऱ्या ठिकाणी जुनं वाचवलं, आणि पुस्तकांत दोन्ही एकाच नावाखाली बसतात. लामाकाराच्या मैदानात बसून मला हे जितकं टोचलं तितकं वाचनालयात कधी टोचलं नव्हतं.

‘कार्गो कल्ट’ हे नावही अभ्यासकांनी दिलेलं नाही. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये एका पॅसिफिक मासिकात न्यू गिनीतल्या एका जुन्या गोऱ्या रहिवाशाने, स्थानिकांना शिक्षण आणि धर्म देण्याच्या धोक्याबद्दल लिहिताना ते वापरलं. मानववंशशास्त्राने ते उचललं आणि मग पुढची पन्नास वर्षं त्याचा अर्थ लावला. पीटर वर्स्ली यांना या हालचालींत वसाहतीविरुद्धच्या राजकारणाची पहिली पायरी दिसली. त्यांच्या डाव्या विचारांमुळे त्यांना न्यू गिनीत प्रवेशच मिळाला नव्हता. त्यामुळे १९५७ चं त्यांचं पुस्तक दस्तऐवजांवरून लिहिलेलं आहे, तरी ते अजून वाचावंसं वाटतं. केनेल्म बरिज यांनी मुद्दा नीतीचा मानला: देवाणघेवाण बरोबरीची असेल तरच माणूस माणूस ठरतो, आणि गोऱ्यांनी तीच नाकारली.

पीटर लॉरेन्स मला सगळ्यांत जवळचे वाटतात. न्यू गिनीच्या मडांग किनाऱ्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या लोकांच्या समजुतीप्रमाणे तारो पिकतो तो मेहनतीने आणि देवतेने शिकवलेल्या विधीने, दोन्ही मिळून. मग पोलादी कुऱ्हाड ज्या देवतेने दिली तिचा विधी गोऱ्यांना ठाऊक असणार, आणि मिशनरी तो दडवत असणार. त्यांच्या जगाच्या रचनेत हा तर्क कुठेही तुटत नाही. तिथला पुढारी याली युद्धात ऑस्ट्रेलियनांच्या बाजूने लढला होता, त्याला मोठमोठी आश्वासनं मिळाली होती, आणि १९५० मध्ये त्याच सरकारने त्याला तुरुंगात टाकलं. लॉरेन्स ही कहाणी इतक्या सबुरीने सांगतात की वाचताना कुणाला वेडं ठरवण्याची इच्छाच उरत नाही.

पुढे १९८८ मध्ये नॅन्सी मॅकडॉवेल यांनी स्पष्ट लिहिलं की कार्गो कल्ट असा वेगळा प्रकार अस्तित्वातच नाही. बदल कसा होतो याबद्दलच्या स्थानिक कल्पनांमधून आपण एक तुकडा कापून त्याला नाव दिलं, इतकंच. आणि तान्नावर १९७० च्या दशकापासून काम करणाऱ्या लॅमॉन्ट लिंडस्ट्रॉम यांनी विचारलं की ही गोष्ट पाश्चात्त्यांना इतकी का आवडते. त्यांचं उत्तर असं की न संपणारी हाव ही पाश्चात्त्यांची स्वतःची आहे, आणि ती ते दुसऱ्याच्या अंगावर पाहतात. मॅकडॉवेल यांचं मला पूर्ण पटतं, लिंडस्ट्रॉम यांचं बरंचसं. एक अडचण राहते. तान्नावरची माणसं आता हे शब्द स्वतः वापरतात, पर्यटकांना ‘कार्गो कल्ट’ दाखवतो म्हणून सांगतात, त्याचे पैसेही घेतात. त्यांनी ते नाव आपलंसं केलं असेल तर ते पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याकडे येतो कुठून?

संध्याकाळी माझा नवरा नाकामालमध्ये, म्हणजे गावाच्या वडाखालच्या मैदानात, कावा प्यायला गेला. मी गेले नाही. तान्नावर कावाच्या वेळी बायकांनी तिथे जायचं नसतं. जॉन फ्रम पहिल्यांदा दिसला तो अशाच पुरुषांच्या मैदानात. या चळवळीवरचं बहुतेक लिखाणही पुरुषांनी पुरुषांशी बोलून केलेलं आहे. बायकांनी काय पाहिलं, काय ऐकलं, हे त्यात फार थोडं सापडतं.

म्हणून शुक्रवारची रात्र मला जास्त महत्त्वाची वाटली. जॉन फ्रमच्या लोकांचा शुक्रवार हा पवित्र वार. वेगवेगळ्या गावांचे गट गिटार घेऊन येतात आणि आळीपाळीने शनिवारच्या पहाटेपर्यंत गातात. मध्ये गाणारे दाटीने बसतात, कडेने बायका आणि पोरी नाचतात. मला एकीने हात धरून ओढलं आणि मी पुष्कळ वेळ त्यांच्या रांगेत होते. आमचा वाटाडा गाण्यांचा अर्थ सांगत होता: अमुक पुढाऱ्याला बोटीत घालून नेलं, तमुक इतकी वर्षं आला नाही, बायका किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. लिखित इतिहास न ठेवलेल्या गावाने अटकेचा, हद्दपारीचा, सुटकेचा सगळा हिशेब चालीत बांधून ठेवला आहे. मालाबद्दलचं एकही गाणं त्या रात्री माझ्या कानावर आलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर थोडं सांगते. फेब्रुवारी हा तिथला चक्रीवादळांचा मोसम, तेव्हा विमानं रद्द होऊ शकतात. हाताशी मोकळे दिवस ठेवा. वातूच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, नोटा पोर्ट व्हिलालाच घ्या. लामाकारात प्रवेशाचे आणि कॅमेऱ्याचे पैसे द्यावे लागतात, घासाघीस करू नका. बायकांनी नाकामालच्या वाटेवर जाण्याआधी विचारावं. शुक्रवारी रात्री थांबाच, झेंड्याच्या दिवसापेक्षा गर्दी कमी असते आणि गप्पा जास्त होतात. आणि बोलायला कुणी मिळालं तर विमानांबद्दल विचारू नका, ते प्रश्न त्यांनी हजारदा ऐकलेत. १९४१ मध्ये त्यांच्या घरातलं कोण चर्चला गेलं नाही आणि कोण तुरुंगात गेलं, ते विचारा.