व्हेरकोरच्या चुनखडीवर दोन दिवस: पळण्याआधी पाण्याचा हिशोब

सिंहगड-राजगड-तोरणा पळताना मी पाठीवर कधी दीड लिटरपेक्षा जास्त पाणी घेतलं नाही. गडावर पोहोचलं की कातळात खोदलेलं टाकं असणार, याची खात्री असायची. आपला काळा कातळ पाणी धरून ठेवतो. फ्रान्समधल्या व्हेरकोरच्या पठारावर मात्र हा विश्वास घरी ठेवूनच निघावं लागतं. तिथे पाऊस भरपूर पडतो, हिवाळ्यात बर्फही साचतो, पण वर ना ओढा ना तळं. चुनखडीच्या भेगांतून सगळं पाणी पोटात जातं. गेल्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा कोल्हापूरचा मित्र तिथे दोन दिवस पळून आलो. मागून जाणाऱ्यांच्या उपयोगाला येईल म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ग्रनोब्ल शहराच्या दक्षिणेला व्हेरकोरच्या उंच पठाराचं राखीव क्षेत्र आहे. १९८५ मध्ये ते जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे १७,००० हेक्टर, म्हणजे फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत मोठं जमिनीवरचं निसर्ग राखीव क्षेत्र. आत गाव नाही, डांबरी रस्ता नाही, कायम राहणारं कुणी नाही. उन्हाळ्यात मेंढपाळ आणि त्यांचे कळप वर येतात, तेवढीच वस्ती. खालची चुनखडी सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेली. आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. पायाखालचा दगड आपल्या सह्याद्रीच्या जवळजवळ दुप्पट जुना आहे, हे पहिल्या चढावरच माझ्या मनात घर करून बसलं.

पहिल्या दिवशी ग्राँ व्हेमाँ, २,३४१ मीटर, व्हेरकोरचं सर्वोच्च शिखर. सुरुवात पूर्वेच्या पायथ्याच्या ग्रेस-आँ-व्हेरकोर गावातून. गावापासून माथ्यापर्यंत ११०० मीटरहून जास्त चढ, पूर्ण फेरी सतराएक किलोमीटरची. चालणारे याला सहा-सात तास धरतात. आम्हाला फोटो, खाणं धरून साडेचार लागले. आधी जंगलातून, मग उघड्या कुरणातून वाट ‘पा द ला व्हील’ या खिंडीत चढते. ‘पा’ म्हणजे कड्यातली खिंड. पूर्वेची कड्यांची भिंत इतकी सलग आहे की पठारावर जायचं तर अशी एखादी खिंडच गाठावी लागते, आणि नकाशा वाचायचा तोही खिंडींच्या नावांवरून. खिंडीपासून शिखरापर्यंत धारेवरची वाट. दोन-तीन ठिकाणी हात टेकावे लागतात, पण सुक्या दगडावर कठीण काही नाही.

ओल्या दगडाची गोष्ट वेगळी. हजारो बुटांनी घासून चुनखडी गुळगुळीत झालेली असते आणि दव पडलं तरी ती शेवाळलेल्या पायरीसारखी घसरते. माझ्या मित्राच्या बुटांची नक्षी झिजलेली होती. उतरताना तो दोनदा बसला, दुसऱ्या वेळी कोपर चांगलंच सोलवटलं. नवे तळवे असलेले बूट न्या. यात काटकसर नको.

माथ्यावर आयबेक्स भेटले, म्हणजे आल्प्समधले मोठ्या वळणदार शिंगांचे रानबोकड. इथून ते पूर्ण नाहीसे झाले होते. १९८९ पासून पुन्हा आणून सोडले आणि आता चांगले रुळलेत. माणसाला फारसे बिचकत नाहीत, म्हणून जवळ जाण्याचा मोह होतो. तो आवरा. त्यांना उठून जावं लागलं तर आपण फार जवळ गेलो, एवढंच माप पुरेसं आहे.

दक्षिणेकडे ‘पा दे शातों’ या खिंडीत उतरणारी वाट ही या फेरीतली सर्वांत त्रासाची. तीव्र उतार आणि पायाखाली सुटे दगड, आपल्याकडचा घसाराच. काठ्या असतील तर इथे काढा, आणि खालून कुणी चढत असेल तर पळू नका, दगड निसटतात. पुढे ‘कोल द लोपे’ या खालच्या खिंडीकडे उतरताना समोर माँ एग्वी उभा राहतो. पठारापासून तुटून एकटाच राहिलेला, चारी बाजूंनी ताशीव कड्यांचा, २,०८७ मीटरचा. लिंगाणा रायगडापासून सुटून उभा आहे तशी त्याची ठेवण, फक्त माथ्यावर सपाट कुरण. १४९२ मध्ये राजा आठव्या चार्ल्सच्या हुकमावरून आंतुआन द व्हील शिड्या आणि दोर घेऊन वर गेला. गिर्यारोहणाची सुरुवात पुष्कळ जण तिथून मोजतात. वर जायला आजही दोर लागतोच, ते पळणाऱ्याचं काम नाही. मी मात्र दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

दुसरा दिवस पठारासाठी ठेवला, आणि खरं व्हेरकोर तिथे आहे. शिशिलियान गावाच्या वरून ‘पा द लेग्वी’ (१,६२२ मीटर) खिंडीची वाट निघते. खिंडीत एक स्मारक आहे. जुलै १९४४ मध्ये जर्मन सैन्याने व्हेरकोरवर हल्ला केला तेव्हा जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार लढ्यातली काही माणसं इथल्या गुहेत वेढली गेली आणि तिथूनच लढली. आम्ही दोघंही तिथे घड्याळ थांबवून उभे राहिलो. धावपटूंनी ही जागा दम खायचा टप्पा म्हणून वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

खिंड ओलांडली की जमीन एकदम पसरते. गवताचे उंचवटे, खुरटे पाइन आणि मध्येच ‘लापिआज’, म्हणजे पाण्याने कोरून धारदार झालेले चुनखडीचे पट्टे. भेगा कुठे बोटभर तर कुठे मांडीभर खोल. लापिआजवर पळायचं नाही, चालायचं, हे मी ठामपणे सांगतो. इथे ‘सियाले’ नावाची उभी विवरंही आहेत, काही वाटेपासून दहा पावलांवर. याच डोंगररांगेच्या उत्तर भागातलं बेर्जे विवर १९५६ मध्ये हजार मीटरपेक्षा खोल मोजलं गेलं. जगात तोवर तितकं खोल कुणी उतरलेलं नव्हतं. तेव्हा शॉर्टकटचा विचार सोडा.

पठारावरच्या केरीच्या माळावर रोमन काळातली दगडखाण आहे. अर्धवट तासलेले खांबांचे गोल तुकडे तसेच पडलेत, जणू कारागीर जेवायला गेलेत. तिथून निघालो आणि धुकं आलं. वीस मिनिटांत पन्नास पावलांपलीकडचं दिसेना. सगळे उंचवटे सारखे, पाण्याचा प्रवाह नाही, म्हणजे दरीचा अंदाज घ्यायलाही काही नाही. आम्ही वाट सोडून बसलो होतो हे पाऊण तासाने कळलं. फोनवर उतरवून घेतलेल्या मार्गाने परत आलो खरे, पण फोनची बॅटरी गारठ्याने झपाट्याने उतरत होती. १:२५,००० चा ‘३२३६ ओटी’ क्रमांकाचा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ हवंच. मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. मिळाली तर आणीबाणीचा क्रमांक ११२.

आता पाणी. नकाशात झरा दाखवला म्हणजे पाणी मिळेलच असं नाही. जूनअखेरीस आम्हाला एका झऱ्यावर सुतळीइतकी धार मिळाली, अर्धा लिटर भरायला बराच वेळ गेला. ऑगस्टमध्ये त्यावर अवलंबून राहू नका. माणशी अडीच लिटर घेऊन निघा, आणि मेंढ्या चरतात तिथलं पाणी गाळणीशिवाय पिऊ नका.

मेंढ्यांवरून आठवलं, आणि पळणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. लांडगे परतल्यापासून कळपांसोबत ‘पातू’ जातीचे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. धावत येणारी आकृती त्यांना धोक्याची वाटते. कळप दिसला की पळणं थांबवा. काठ्या खाली, चालत लांबून वळसा. कुत्रा भुंकत आला तर उभे राहा, शांत आवाजात बोला, त्याला तुमचा अंदाज घेऊ द्या आणि मग हळूहळू मागे सरका. आमच्याकडे दोन आले होते. छाती धडधडत होती, पण तीन-चार मिनिटांत वास घेऊन ते परत गेले. त्यांचं काम त्यांनी चोख केलं.

नियम कडक आहेत आणि ते पाळावेत. तुमचा कुत्रा आणायचा नाही, पट्ट्यानेही नाही. आग आणि ड्रोन बंद. रात्रीचा मुक्काम छोट्या तंबूत, संध्याकाळी ५ ते सकाळी ९ एवढाच. जास द्यु प्लेसारखी कुलूप नसलेली निवारे-घरं आहेत, पण उन्हाळ्यात काहींचा भाग मेंढपाळासाठी राखलेला असतो. हंगाम जूनअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. त्याआधी भेगांवर बर्फाचं पातळ झाकण असू शकतं. उन्हाळ्यात दुपारी विजा होतात, त्यामुळे पहाटेच निघा. ग्रनोब्ल-गाप रेल्वेमार्गावर क्लेल-माँस स्टेशन शिशिलियानला जवळचं, पण गाड्या मोजक्या, वेळापत्रक बघूनच बेत करा.

परतीच्या दिवशी आम्ही मेने घाटातून पलीकडे आर्शियानला गेलो. तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेलं छोटं गाव, आणि कड्याच्या पायथ्याशी खडकातून थेट बाहेर पडणारं भरघोस पाणी. दोन दिवस ज्याच्या एकेका घोटाचा हिशोब ठेवला, ते पठाराच्या पोटातून इथे येतं. सुजलेले पाय त्यात अर्धं मिनिटसुद्धा ठेवता आले नाहीत, इतकं ते गार होतं.