गॅसच्या पुस्तकाची पिशवी

आज सुट्टी टाकून आईला शिवाजीनगर कोर्टाजवळ नोटरीकडे नेलं. मृत्युपत्र तिने कधीच केलंय. फ्लॅट, ठेवी, अगदी आजीचा पितळी डबा कुणाला, तेसुद्धा. पण ते वाचायचं ती गेल्यावर. मध्येच आयसीयूत नळ्या लावून पडली, बोलता येईना, तर? मामाच्या वेळी व्हेंटिलेटरवरून मामेभावंडं कॉरिडॉरमध्येच भांडली होती. ते आईच्या डोक्यातून गेलेलं नाही.

म्हणून लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना आणि बोलता येत नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, पण तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. त्या भानगडीत कोण पडणार! २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. (आणि नाही, मुलं म्हणाली आणि नळ्या काढल्या, असं होत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं आधी तपासतात.)

नोटरींनी शिक्का उचलला आणि विचारलं, "आजी, कुणाचा दबाव नाही ना?"

"दबाव? महिनाभर मी हिच्या मागे लागले, तेव्हा कुठे हिने सुट्टी काढली."

तिच्या वतीने निर्णय कळवायला माझं आणि दादाचं नाव आहे. दादा येताना रिक्षात एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर आईने कागद गॅसच्या पुस्तकाच्या पिशवीत घातला. मी म्हटलं, अगं, कपाटात ठेव. तर म्हणे, "घाईच्या वेळी हीच पिशवी सापडते."